उतरलं का, ताई?

ऑफिसच्या खिडकीतून दोन्ही हातांनी मोबाईल आत द्यायचा आणि मी तो चार्जिंगला लावायच्या आत विचारायचं, "उतरलं का, ताई?" ही आप्पांची रोजची तऱ्हा. अहो, फोन अजून माझ्या हातातसुद्धा आलेला नसायचा. उतरणार कुठून?

भांडगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी गेटपास लिहिते. आप्पा तिथे मशीनवर होते. डाळिंबाच्या क्रेटांनी भरलेल्या त्या खोल्यांच्या भिंती इतक्या जाड, की आत रेंजचं नाव नाही; नेट काय ते माझ्या ऑफिसात. दर तासाला आत जाऊन तापमान वहीत लिहायचं, त्यामुळे आप्पांना आवार सोडता यायचं नाही. जोडीचा माणूस केव्हाच सोडून गेला होता आणि मालक "बघतो, बघतो" म्हणत दीड वर्ष नुसतंच बघत होते. ऐन मे महिन्यात कानटोपी घालून हिंडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहायचे.

त्याआधी आप्पांनी शिरूरच्या मार्केट यार्डात हमाली केली होती. त्यामुळे डाउनलोड करणं म्हणजे त्यांच्या भाषेत 'उतरवणं', कांद्याच्या गोण्या उतरवतात तसं. मी सांगून थकले की आप्पा, हल्ली कुणी काही साठवत नाही, लोक सगळं नेटवर चालू बघतात. त्यांना ते पटायचं नाही.

"गाडीत दिसतोय त्यो माल आपला नसतो, ताई. गाडी कवाबी निघून जाती. खाली उतरला, थप्पी लागली, की मग आपला."

थप्पीने फोन मात्र सारखा भरायचा. मी सुप्रभातची फुलं पुसायला घेतली की म्हणायचे, ऱ्हाऊ द्या, पाव्हण्यानं पाठवलंय. बाकी सगळ्या कुस्त्या, त्याही एकाच पोरीच्या. ती त्यांची लेक. खुटबावला घरामागे माती खणून आप्पांनी तिच्यासाठी आखाडा केला होता आणि सगळे डाव स्वतः शिकवले होते. तिने जिंकलेली कुस्ती दाखवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मी चलन लिहायचं सोडून बघत बसायचे.

मग शिरूरला मॅटवरची स्पर्धा आली. आप्पांनी एक दिवसाची सुट्टी मागितली. माल यायचाय, म्हणून मालकांनी नाही म्हटलं. एरवी भांडायला मला निमित्त लागत नाही, पण त्या दिवशी मी तोंड मिटून बसले. आप्पा गेले असते तर दर तासाला त्या थंडीत मला जावं लागलं असतं, एवढंच खरं कारण. वर शहाणपणा असा, की लाइव्ह दाखवणार आहेत ना, मग माझ्या टेबलावर बघा.

आप्पा टेबलापुढे उभे राहिले. कुस्ती बसून बघत नसतात म्हणाले. पोरीने ढाक डाव मारायला पाय उचलला, आणि स्क्रीनवर ते गोल फिरायला लागलं. फिरतंय आपलं, फिरतंय. आप्पांनी बोटाने दोनदा टकटक केलं. चित्र परत आलं तेव्हा मॅटभोवती गर्दी झाली होती आणि पोरगी गुडघा धरून आडवी पडली होती. त्यांनी शिरूरला तीन-चार जणांना फोन लावले, कुणी उचलला नाही. तेवढ्यात तास भरला. आप्पांनी कानटोपी घातली आणि तापमान लिहायला आत गेले. माझी मला आजही लाज वाटते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पोरगी घरी आली. तिने बापाला एकच गोष्ट विचारली, की पाय माझा चुकला का समोरचीनं मुद्दाम दाबला? तुम्ही नीट बघून सांगा. ते कळल्याशिवाय ती मॅटवर उतरणार नव्हती. डॉक्टर हो म्हणाले तरी नाही.

पूर्ण कुस्तीची लिंक मिळाली. "उतरलं का, ताई?" उतरलं. रोज दाराशी उभे राहून आप्पा ती लावायचे. पण फोन चार्जिंगला आला की मला दिसायचं, कुस्ती रोज एकाच जागी थांबलेली. पोरीचा पाय अजून हवेत.

असे दोन महिने गेले. शेवटी मी रागावले. पोरगी तिकडे तुमच्या एका शब्दासाठी अडून बसलीय आणि तुमचं हे काय चाललंय? आप्पा कानटोपीची नाडी ओढायला लागले.

"पाय मीच शिकवलाय, ताई. त्यो चुकला आसंल तर?" मग म्हणाले, "चालू हुतं तवा दिसलं आसतं तर बघून मोकळा झालो आसतो. उतरवून घेतलं आन् अडाकलो. थांबवता येतंय, म्हनून थांबवतोय."

मी फोन घेतला, आत वळले आणि ती कुस्ती पुसून टाकली. फोन भरला होता, उडाली म्हणून सांगितलं. आता माझ्या टेबलावर लिंकवरच चालू बघायची, आणि चालू असतं ते थांबवता येत नाही. धडधडीत खोटं. तेही थांबवता येतं, पण आप्पांना ते ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी नेट एकदाही अडकलं नाही. पाय टेकला, अंग वळलं, बूट मॅटला चिकटून राहिला आणि गुडघा फिरला. समोरच्या पोरीने काहीच केलं नव्हतं. आप्पा खुर्चीत बसले. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाळा, तुझा पाय न्हाई चुकला. मी शिकवला तसाच पडला. त्यो मातीतला पाय हाय, मातीत वळतो. मॅटवर बूट धरून ऱ्हातो. मला ठावं नव्हतं. चूक माझी हाय." तिकडचं मला ऐकू आलं नाही. ते ऐकून आप्पा म्हणाले, "न्हाई, आता मी न्हाई शिकवनार. शिरूरला मॅटवर शिकवत्यात, तिथं जायाचं." ते रडत होते, आणि मीही.

पोरीला रोज शिरूरला न्यायचं-आणायचं तर नोकरी कशी जमणार? महिन्याभरात आप्पांनी ती सोडली. कानटोपी खिळ्यालाच राहिली. मालक नवा माणूस बघतायत, म्हणजे दर तासाला ती कानटोपी घालून आता मी आत जाते.

परवा तशीच बाहेर आले, रेंज आली आणि फोन वाजला. आप्पांनी लिंक पाठवली होती, चालू कुस्तीची. आप्पांनी, आणि चालू! घाईघाईने उघडली तर कार्यक्रम संपलेला. पोरगी जिंकली का हरली, काही कळायला मार्ग नव्हता. खाली आप्पांचा आवाजी मेसेज होता. तो उतरायला जरा वेळ लागला. मागे शिट्ट्यांचा आणि माणसांचा गलका, आणि आप्पांचे दोनच शब्द.

"उतरली, ताई."