डाव्या बाजूचं दार

माझा धाकटा भाऊ लष्करात ट्रकवर होता. डोंगरातल्या एका वळणावर ट्रक दरीत गेला, तेव्हा तो ड्रायव्हरच्या शेजारी, डाव्या बाजूला बसला होता. ड्रायव्हरनं उडी मारली, तो वाचला. भावाची शवपेटी बंदच घरी आली. तेव्हापासून आई एकच विचारत आली आहे, "त्यानं उडी मारली, मग आपल्या पोरानं का नाही मारली गं?" म्हैसूरच्या जुन्या फौजेपासून आमच्या घरात शिपाईगिरी चालत आलेली, गेलेल्या माणसांविषयी कुणी फारसं बोलत नाही. आई मात्र बोलायची. माझ्याशी मराठीत, इथे म्हैसुरात कुवेंपुनगरातल्या शेजारणींशी कन्नडमध्ये.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नवऱ्याच्या मित्रानं लष्कराच्या लिलावात अगदी तसाच ट्रक घेतला. बन्नूरच्या रस्त्यावर त्याची शेड आहे. ट्रकवर पाण्याची टाकी बसवायचा त्याचा विचार होता. केबिन मी साफ करते म्हटल्यावर तो अवघडला. गॅरेजवाले धुऊन देतील, म्हणाला. नवऱ्यानं त्याला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं मुकाट्यानं बादली भरून आणली. मी कुठे निघाले ते आईला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली होती, "दार बघून ये."

डावं दार उघडेना. मी दोन्ही हातांनी कडी ओढली, खांदा लावला, ते हललं नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग ड्रायव्हरच्या बाजूनं चढून मी कामाला लागले.

सीटचं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. सीटखाली उंदरांनी घर केलेलं. गिअरच्या दांड्याभोवती ग्रीस गुळासारखं घट्ट झालं होतं. ते चमच्यानं खरवडलं, मग सोड्याच्या पाण्यानं घासलं. पायाखालची रबरी चटई उचलली तर खाली करडी, चमकणारी बारीक वाळू. आमच्याकडची माती तांबडी. ती वाळू मी ओंजळीत घेतली आणि बराच वेळ टाकवेना. डिझेल आणि ओल्या ताडपत्रीचा वास तेवढा धुऊनही जात नव्हता. दुपारी डाव्या सीटवर बसले तेव्हा आपण कुणाच्या तरी मांडीवर बसलोय असं वाटून मी सरकून कडेला बसले.

एवढ्यात मित्र तेलाची बुधली घेऊन आला. दार गंजलंय फक्त, म्हणाला. बिजागऱ्यांत आणि कडीत तेल सोडलं, थोड्या वेळानं बाहेरून एक झटका दिला, दार उघडलं. मी आत बसूनच ते लावून घेतलं आणि एका बोटानं कडी दाबली. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. किती वेळा, आठवत नाही.

"पहिल्यापासून अशीच असतात ही दारं, वहिनी," तो म्हणाला. "लष्कराची गाडी. माणसाला पटकन उतरता आलं पाहिजे." नवऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो बुधली उचलून शेडमध्ये गेला.

घरी आई माझ्यासाठी जेवायची थांबली होती. मी तिला सांगितलं की दार फार जड आहे, दोन माणसं लावली तरी आतून उघडत नाही. ती ऐकत राहिली. मग "हौदा?" एवढंच म्हणाली, तिच्या सवयीच्या कन्नडात, म्हणजे असं होय, आणि शांतपणे जेवली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. आई खिडकीपाशी बसली होती, मध्येच म्हणाली, "म्हणजे शेवटपर्यंत ते दार ओढतच राहिला असेल गं तो."

उडीचं ती आता विचारत नाही. कडी लोखंडाची होती का, पितळेची, ते विचारते. हाताला लागण्यासारखी होती का, विचारते. खरं सांगायला मी दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले. दोन्ही वेळा तिनं माझा हात हातात घेतला आणि नखांत राहिलेलं काळं ग्रीस पदरानं पुसत बसली.