शनिवारच्या व्हरांड्यातल्या बायका

दारू पिणाऱ्याच्या बायकोला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपल्या पायांनी घरी येतात, कधी रिक्षातून येतात, कधी चौघं जण उचलून आणून ओट्यावर ठेवतात. आम्ही तर सहा-सात जणी दर शनिवारी एकाच व्हरांड्यात बसायचो, म्हणजे विचार करा किती साठले असतील! आता सुना म्हणतात, "आई, तेव्हाचं सांगा ना काहीतरी." मी सांगते आणि त्या हसतात. हसू देत. तेव्हा आम्हीही हसायचो, फक्त हसताना एक डोळा दाराकडे असायचा.

नागपुरात टीव्ही यायचा होता त्या वेळची गोष्ट. मी एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. शनिवारची शाळा सकाळची, त्यामुळे संध्याकाळी वर्ग रिकामे. मी हेडमास्तरांच्या मागे लागून चौथीचा वर्ग मिळवला. तिथे दारू सोडू बघणारी माणसं जमायची. पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि एकमेकांना आपापली कहाणी सांगायची. एक डॉक्टर पैसे न घेता यायचे. माझे यजमान पोस्टात होते, तेही त्या बाकांवरच. बाहेर व्हरांड्यात आम्ही बायका, एक स्टोव्ह आणि चहाचं पातेलं.

---

आमच्याकडे चहाचा एक नियम होता. नव्या माणसाला अर्धा कप द्यायचा. कंजूषपणा म्हणून नाही हो, दारू सोडली की हात असे थरथरतात की भरलेला कप अंगावरच सांडतो. हात स्थिर झाला की मग पूर्ण कप. कुणाला पूर्ण द्यायचा ते आम्ही बायका ठरवायचो आणि त्यावर भांडायचोही.

एकदा एक इंजिनियर साहेब आले. सूट, टाय, सगळं. अर्धा कप बघून म्हणाले, "ये क्या है? पूरा दीजिए."

मी दिला पूरा. साहेबांनी उचलला, आणि टायपासून बुटापर्यंत चहा. पुढच्या शनिवारी ते सदरा घालून आले आणि स्वतःच म्हणाले, "बाई, आधा." तो माणूस पुढे सुधारला बरं का.

---

आमच्या घरचा किस्सा सांगायलाच हवा, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचेच सांगते.

शाळेतली ही बैठक सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. यजमानांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि एका दिवसात दारू बंद केली. मी घरात शिरा केला. दोन-तीन दिवसांनी दुपारी बघते तर हे भिंत झटकून राहिले. म्हणाले, "मुंग्या बघ किती! पोराच्या पाळण्यावर चालल्या." भिंत स्वच्छ होती आणि पाळणा तर कधीचा माळ्यावर गेला होता. सासूबाईंनी बाहेरची बाधा म्हणून मिरच्या ओवाळल्या. तेवढ्यात यांना झटका आला, दातखीळ बसली आणि मी मिरच्या-बिरच्या लाथेनं उडवून रिक्षा आणायला धावले. यांचा जीव जातो असंच वाटलं होतं मला.

दवाखान्यात ते बैठकीचे डॉक्टर पहिल्यांदा भेटले. मी म्हटलं, "शपथ पाळली तर हे असं? मग मोडायची होती का?"

ते म्हणाले, "शपथ मनानं घेतली, बाई. शरीराला कुणी विचारलंच नाही. इतक्या वर्षांत त्याला दारूची सवय झालीय. हा आजार आहे. एकदम तोडायची नसते, औषधाच्या आधारानं सोडवायची असते."

सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "आजार आहे, तर मग आतापर्यंत मी याला शिव्या कायले दिल्या?"

डॉक्टरांनी त्यांना खुर्ची ओढून दिली.

---

आता सिंधूचं सांगते.

सिंधू आमच्यात सगळ्यांत गरीब स्वभावाची. तिचे मिस्टर मधुकरराव गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. माणूस अबोल आणि हाताचा हुशार, पण पगाराच्या दिवशी गिरणीतून घरी यायला त्यांना सगळ्यांत लांबचा रस्ता लागायचा. त्यांची मुलगी नंदा. नंदाच्या साखरपुड्यात मधुकरराव सोयऱ्यांसमोर ताटावर पडले. मुलाकडचे साखर न खाता उठून गेले. त्यानंतर नंदा बापाशी बोलेना आणि मधुकरराव आपण होऊन आमच्या शाळेत आले. त्यांनी अर्धा कपसुद्धा दोन हातांनी धरला.

मग सावनेरचं स्थळ आलं. मुलगा कोळशाच्या खाणीत क्लार्क. मुलाच्या वडिलांना सगळं कळलं होतं. ते सिंधूला तोंडावर म्हणाले, "पोट्टी पसंत आहे आमाले. देणं-घेणं काही नाही. फक्त मांडवात मुलीचा बाप शुद्धीवर पाह्यजे. नाही तर वऱ्हाड तसंच वापस नेईन."

सिंधूनं ते आम्हाला सांगितलं तेव्हा स्टोव्ह विझला होता आणि कुणाला कळलं नव्हतं.

---

आमच्यातली पुष्पा सगळ्यांत पुढे. ती कुठूनशी एक बातमी घेऊन आली. एक गोळी मिळते. गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर त्याला अशी उलटी होते, असा जीव घाबरा होतो, की पुन्हा बाटलीचं नाव घेत नाही. औषधाच्या दुकानवाल्यानं तिला सांगितलं, "कुटून डाळीत टाका. पता भी नहीं चलेगा."

पुष्पा वरणात टाकायला लागली. सिंधू सकाळच्या चहात. दोघींनी आम्हाला सांगितलं, डॉक्टरांना नाही. आम्हालाही वाटलं, वा, काय छान उपाय!

शिमग्याला पुष्पाचा नवरा मित्रांत प्यायला. अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, डोळे बाहेर, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या, आणि मग माणूस गार पडला. दवाखान्यात पुष्पा डॉक्टरांचे पाय धरून ओरडत होती, "म्याच मारलं! म्याच मारलं!" वाचला तो. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

पुढच्या शनिवारी डॉक्टर वर्गात गेलेच नाहीत. व्हरांड्यात उभे राहून आमच्यावर असे तडकले की माझ्यासारखीला खाली बघावं लागलं.

"गोळी वाईट नाही. मी स्वतः देतो. पण त्या माणसाला सांगून, त्याच्या होकारानं, तपासून. त्याला ठाऊक असेल तर तो पिणार नाही. ठाऊक नसेल तर तुम्ही त्याच्या पोटात सुरुंग ठेवताय. आणखी कुणी देतंय का?"

सिंधूनं पदर तोंडाला लावला. चौथीच्या वर्गाच्या खिडक्या उघड्याच होत्या, आत पुरुष बाकांवर बसले होते. थोड्या वेळानं मधुकरराव बाहेर आले आणि त्यांनी चहा मागितला. तोवर त्यांना पूर्ण कप मिळायला लागला होता. त्या दिवशी ओतताना हात सिंधूचा थरथरत होता. त्यांनी कप पुढे करून पातेल्याच्या खाली धरला, चहा घेतला, आणि नेहमीसारखा शेवटचा घोट टाकून दिला. आमची गाळणी फाटकी होती, तळाला चहाची पत्ती उरायची, म्हणून सगळेच शेवटचा घोट टाकायचे.

---

मी त्याच आठवड्यात सिंधूच्या घरी गेले. सरळ सांगायला गेले होते की आजच्या आज त्यांना सांग.

मधुकरराव ओसरीत चहा पीत होते. घोट घोट करत संपवला, तळाला थोडा राहिला तो कप हलवून प्यायले, मग कपात बोट फिरवून बोटही चाटलं. मी म्हटलं, "काय हो, शाळेतला चहा तर टाकून देता!"

"घरचा चहा टाकू नये, बाई," म्हणाले आणि कामाला गेले.

सिंधूला काय ते कौतुक! म्हणाली, "माझ्या हातचा चहा लय आवडते यायले." आणि लगेच रडायला लागली.

"सांगून टाक वं," मी म्हटलं.

"सांगितलं तर चहा सोडतील. चहा सोडला का पितील. पेले का नंदाचं गेलं."

"आणि न सांगता पेले तर?"

चूल पेटत होती, तरी सिंधू तीच फुंकत बसली.

---

आणि दोनच आठवड्यांनी मधुकररावांचा चुलतभाऊ कळमेश्वरकडच्या एका गावात सरपंच म्हणून निवडून आला. मधुकरराव सकाळी सिंधूच्या हातचा चहा घेऊन गावी गेले. सिंधू धावत माझ्याकडे. निवडणूक जिंकलेल्या घरी पाणी कोण पितो?

आम्ही दोघी एसटी स्टँडवर जाऊन उभ्या राहिलो. कळमेश्वरची एक गाडी आली, दुसरी आली. प्रत्येक गाडीतून उतरणारं प्रत्येक माणूस सिंधू खालून वर बघायची. मला तिचा राग येत होता आणि तिचा हातही सोडवत नव्हता. माझ्या मनात सारखी पुष्पा ओरडत होती.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मधुकरराव उतरले. चेहरा लालभडक, डोळे लाल, मानेपर्यंत लाल. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सिंधूनं सगळ्या स्टँडसमोर नवऱ्याचं तोंड धरलं आणि पदरानं घासायला लागली. पदर लाल झाला.

गुलाल होता!

"काहून वं," मधुकरराव म्हणाले, "काहून घासून राहिली?"

सिंधूनं त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. दारूचा वास लपवायची लवंग नाही, कांदा नाही, नुसता पेढ्याचा वास. मग ती तिथेच फलाटावर बसली. मला हसू आलं ते थांबेचना, आणि हसता हसता मी रडत होते हे मला मधुकररावांनी रुमाल दिला तेव्हा कळलं.

---

पण त्या दिवसानं सिंधू बदलली. शनिवारी तिनं डॉक्टरांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. डॉक्टर तडकले नाहीत. म्हणाले, "त्यांना सांग. नाही सांगवत तर बंद तरी कर. आणि ऐक, गोळी आज बंद केली तरी तिचा अंमल दोन आठवडे राहू शकतो. लग्नाच्या आदल्या दिवशी बंद करून चालायचं नाही."

वऱ्हाडात पिणारे असणारच, ते सगळ्यांनाच माहीत होतं. नव्या व्याह्याला कोपऱ्यात नेऊन कुणीतरी आग्रह करणारच. पुष्पा म्हणाली, "दोन आठवडे बिनगोळीचे? अव माय, लग्नाच्या गडबडीत? गेलं समज लग्न."

सिंधूनं स्टोव्हला पंप मारला. तिचा इतका मोठा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"मांडव मोडला तर मोडला. पोरीचं दुसरीकडे होईल. मले माणूस पाह्यजे."

पुष्पानं पातेलं स्टोव्हवर ठेवलं.

---

तिच्या घरी पापडांचा दिवस ठरला होता. आम्ही सगळ्या सकाळीच लाटणी घेऊन गेलो. अंगणात चटया टाकल्या, उडदाचं पीठ कुटून तयार. नंदा गोळे करून देत होती. बापाशी ती अजूनही कामापुरतंच बोलायची.

सिंधू स्वयंपाकघरातून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आज नाही टाकली." हाताला पीठ नव्हतं तरी ती हात पुसत होती.

मधुकरराव ओसरीत खाटेवर बसले होते. नंदानं नेऊन दिलेला चहा त्यांनी बशीत ओतला, प्यायले. आमच्या गप्पा चालल्या होत्या, पण खरं सांगते, एकीचंही लक्ष पापडात नव्हतं. माझा पापड तर लाटता लाटता फाटला. त्यांनी शेवटचा घोट घेतला. सवयीनं कप हलवला. बोट आत घातलं, बाहेर काढलं आणि बघितलं. बोटाला गाळ लागला नव्हता. कप उजेडात तिरपा करून पुन्हा बघितला.

मग उठले. अंगणात आले. आम्हा सगळ्यांच्या मधून, पापडांवर पाय न पडू देता, सिंधूपर्यंत गेले आणि रिकामा कप तिच्यापुढे धरला. कप अगदी स्थिर होता.

"आजची टाकायची राहिली का वं?"

नंदाच्या हातातला गोळा तसाच राहिला.

"थोडा चहा कर अजून," मधुकरराव म्हणाले. "आणि नंदाले सांग, टाकायची कशी ते तिलेही दाखव. लग्नाच्या दिवशी तू कामात राहशील."