न लिहिलेला जबाब

त्या दिवसाबद्दल मी अनेकदा बोललो आहे. नव्या फौजदारांना शिकवताना, निरोप समारंभात, घरी जेवताना. दरवेळी अर्धंच सांगितलं. आज उरलेलं लिहितो आहे. नावं कोणाचीच देत नाही.

तेव्हा मी जळगावात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. खानदेशात या सणाला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवतात. मीही सकाळी वडिलांची घागर पुजून ठाण्यात आलो होतो. ठाणे अंमलदार म्हणून माझे नशिराबादचे हवालदार बसले होते. ईदला मी त्यांना सुटी द्यायचो, आखाजीला ते बाकीच्यांची ड्युटी ओढायचे.

"साहेब, पुरणपोळी खाऊन आलात की नुसता वास घेऊन?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात फोन वाजला. एका कॉलेजच्या वसतिगृहात विजेच्या धक्क्याने विद्यार्थी मेला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा मुलगा त्याच्या खोलीत खाटेवर होता. पिंपळनेरकडच्या एका खेड्यातला, दुसऱ्या वर्षाला शिकणारा. परीक्षा चालू असल्यामुळे सणाला घरी गेला नव्हता. खाली पाण्याची बादली आणि तिच्यात पाणी तापवायची कॉइल. वसतिगृहाचे रेक्टर म्हणाले, "कॉइलला बंदी आहे. किती वेळा बजावलं. ऐकत नाहीत पोरं."

मी पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. हवालदार बादलीकडे बघत होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, जळगावात या दिवसांत पाणी तापवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. टाकीतलं पाणी अंगावर घेतलं तरी भाजतं."

मग मीही नीट पाहिलं. मुलाच्या तळपायांना ओली माती होती. चपला दाराबाहेर जोडून ठेवलेल्या. टेबलावर एक डांगर आणि डब्यात सांजोऱ्या. घागर मात्र कुठेच नव्हती.

दुपारी ठाण्यात वसतिगृहातल्या एका मुलाचा फोन आला. "साहेब, तो खोलीत नाही मेला," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला.

मी रेक्टरना ठाण्यात बोलावून घेतलं. चौकशीची माझी एक पद्धत होती. समोर कागद ठेवायचा नाही. माणसाला आधी पूर्ण बोलू द्यायचं आणि जबाब नंतर लिहायचा. लिहिणारा हात दिसला की माणूस शब्द तोलायला लागतो.

"तुमच्या घरी घागर भरली का आज?" मी विचारलं.

ते गोंधळले. "भरली ना. वडिलांची."

"त्या पोराने कोणाची भरली?"

"आईची. मागच्या वर्षी वारली..." आणि ते थांबले.

"कुठे फुटली ती?"

मग सगळं बाहेर आलं. ओसरीतल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरला हात लावला की झटका बसायचा. मुलांनी दोनदा सांगितलं होतं. परीक्षा संपल्या की सुटीत दुरुस्त करू, असं ठरलं होतं. तोवर मुलं आपसात एकमेकांना बजावायची, चपला घालूनच पाणी घ्या. या मुलालाही ते ठाऊक होतं. रोज तोही चपला घालूनच पाणी घ्यायचा. पण आमच्याकडे गेलेल्या माणसाची घागर पायात काही घालून भरत नाहीत. ती आईची घागर होती. त्याने चपला दाराशी काढल्या आणि अनवाणी गेला.

"आम्ही त्याला उचलून खोलीत नेलं, खापरं गोळा केली," रेक्टर म्हणाले. "कॉइल दुसऱ्या खोलीतून आणली. साहेब, मला दोन मुली आहेत हो."

मी म्हणालो, उद्या सकाळी या, जबाब लिहून घेऊ.

संध्याकाळी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात मुलाचे वडील भेटले. डोक्याचा रुमाल हातात घेऊन लिंबाखाली बसले होते. बंदी असलेली कॉइल लावली, हे रेक्टरचं म्हणणं तोवर त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "साहेब, मना पोऱ्या तसा नही शे. नियम मोडनारा नही शे. तुम्ही बठ्ठं, सगळं पाहिलं ना? तुम्ही सांगा."

"तपास चालू आहे, आबा," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी वरिष्ठांनी बोलावलं. संस्थेचे लोक त्यांच्याकडे येऊन गेले होते. वरिष्ठ शांतपणे म्हणाले, "परीक्षा चालू आहेत. कॉलेज बंद पडलं तर बाकीच्या पोरांचं काय? गेलेला परत येत नाही." आणि मी उठताना म्हणाले, "तुमचा धुळ्याच्या बदलीचा अर्ज माझ्या लक्षात आहे."

सकाळी रेक्टर आले. मी कागद पुढे घेतला आणि त्यांनी आधी जे सांगितलं होतं, कॉइलचं, तेच लिहून घेतलं. हवालदार दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेले. त्यानंतर त्यांनी माझ्याशी कधी थट्टा केली नाही. अकस्मात मृत्यू, मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा, असा शेरा मारून मी प्रकरण बंद केलं. बदली झाली.

मनाशी मी एक कारण धरलं होतं. मुलाने आदल्या दिवशी घरी फोन केला होता आणि वडील त्याला म्हणाले होते, तिथेच आईची घागर भर, असं चौकशीत कळलं होतं. खरं कळलं तर बाप स्वतःला दोष देईल, त्यापेक्षा हे बरं. या कारणावर मी नोकरीची उरलेली वर्षं काढली.

पत्नी गेल्यावर पहिल्या आखाजीला तिची घागर भरायला चपला काढल्या आणि मला पुढे पाऊल टाकवेना. या वर्षी सणाच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याहून बसने त्या गावी गेलो.

वडील आता थकले आहेत. ओट्यावर त्यांची मुलगी होती, सणासाठी माहेरी आलेली. मी कोण ते सांगितलं आणि मग जे इथे लिहिलं आहे तेच सांगितलं.

म्हाताऱ्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. मग म्हणाला, "मीच सांगितलं होतं त्याला. चपला काढून भर."

"म्हणूनच मी तेव्हा..."

"मग मला तेव्हाच रडू द्यायचं होतं ना, साहेब!" आवाज एकदम चढला. "नियम मोडून मेला म्हणून मी त्याचा फोटो भिंतीवर लावला नाही. गावात कोणी इचारलं तर मान खाली घातली."

परत आल्यावर मी कबुलीचं प्रतिज्ञापत्र लिहून वरिष्ठ कार्यालयाला दिलं आहे. त्याचं काय होईल मला माहीत नाही, आणि माझी शिक्षा टळावी अशी इच्छाही नाही. या प्रकरणाने शिकवलं ते उशिरा शिकलो. मेलेल्या माणसावर टाकलेला खोटा ठपका तो सोसत नाही. तो घरात मागे राहिलेल्यांना सोसावा लागतो आणि ते त्या ठपक्याच्या आधारावर आपले निर्णय घेतात. आम्ही पोलीस प्रकरण बंद केलं म्हणतो तेव्हा हा विचार करत नाही.

त्या दिवशी त्यांच्या ओट्यावरून निघताना मुलीने मला अडवलं.

"दादा गेला तेव्हा मी बारावीची परीक्षा दिली होती," ती म्हणाली. "आबांनी मला पुढे शिकायला पाठवलं नाही. हॉस्टेलात गेलं की पोरं बापाचं ऐकत नाहीत, म्हणाले. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं."

मी पायात चपला घालत होतो, तो थांबलो.

"साहेब," ती म्हणाली, "मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क होते."