वेगळं बसवलेली मुलगी

"वेगळं बसवतात म्हणजे ढ ठरवलं, एवढं कळत नाही तुम्हाला?" राधा पोळीवरून नजर न काढता म्हणाली.

"अगं, शाळेतल्या बाई म्हणाल्या, आपली भाग्यश्री फार हुशार आहे," वैजनाथ म्हणाला.

"हुशार पोरीला शनिवारी फुकट शिकवतात? पुण्यात? उद्या मी बघून येते, मग नाव काढून टाका."

भांडण हलबीत, त्यांच्या घरच्या बोलीत, चाललं होतं. कसबा पेठेतल्या त्या खोलीत दोघं हलबी नेहमी दबक्या आवाजातच बोलत. गावाकडच्या आश्रमशाळेत हलबी बोलणाऱ्यांची ओळ ढ म्हणून वेगळी असायची. त्या ओळीतून राधा पाचवीनंतर उठली ती थेट चुलीपुढे. आता ती एका खानावळीत पोळ्या लाटत होती.

शनिवारी हातचं काम अर्धवट टाकून ती शाळेच्या खिडकीशी उभी राहिली. आत नम्रताबाई आणि भाग्यश्री, दोघीच. फळ्यावर गणित होतं: एक काम तिघं वेगवेगळे सहा, बारा आणि चार दिवसांत करतात, मिळून किती दिवसांत?

"दोन," भाग्यश्री म्हणाली.

"कसं काढलंस?"

पोरगी मराठी शब्दांशी अडखळू लागली.

"घरच्या भाषेत सांग."

भाग्यश्री भडाभडा बोलू लागली. हसायला बोलावलंय हिला, राधाला वाटलं. पण बाई हसल्या नाहीत. वहीत लिहिता लिहिता अडल्या आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"तुम्ही आई ना? आत या. ही काय म्हणाली ते मराठीत सांगाल?"

"तुम्हाला हलबी येत नाही? मग शिकवता काय?"

"गणित तिला माझ्याआधी कळतं. परीक्षेत रीत मराठीत लिहावी लागते, तेवढंच शिकवते."

"आणि यात तुमचं काय?"

"माझा शनिवार जातो," बाई शांतपणे म्हणाल्या.

राधा दारातूनच सांगू लागली. "बारा गोळ्यांची कणीक धरायची. एकजण रोज दोन गोळे लाटतो, दुसरा एक, तिसरा तीन. रोजचे सहा झाले. म्हणून दोन..." ती थांबली. गोळे तिचेच होते. लेक रोज समोर बसून बघत होती ते हे.

संध्याकाळी वैजनाथने विचारलं, "मग, नाव काढायचं ना?"

"नाव राहील. बाईंवर माझा भरवसा नाही, म्हणून दर शनिवारी मी शेजारी बसणार. खानावळीत सांगून आले. शनिवारचा स्वयंपाक तुम्ही करायचा."