डबीची काळी वायर
होस्टेलच्या कपाटात चार्जर शोधताना वीतभर काळी वायर हाताला लागली आणि गावच्या शेजारच्या काकांच्या जुन्या टीव्हीवरच्या तापलेल्या धुळीचा वास आठवला. मी शाळेत असताना एका फायनलला माझे वडील त्यांच्या खिडकीबाहेर उभं राहून मॅच बघत होते. "पडद्यावर ऊन येऊन राहिलं," म्हणत काकांनी शेवटच्या ओव्हरला वडिलांच्या तोंडावर खिडकी लावली. वडील तसेच घरी परतले. पुढं मी कॉलेजात गेलो, आणि अशाच एका फायनलच्या सकाळी काकांचा नवा टीव्ही बंद पडला. त्यांनी माळ्यावरचा जुना टीव्ही उतरवला, पण नव्या सेटटॉप बॉक्सची पिन त्यात बसेना. मग हिंगोलीहून दोन्हींना जोडणारी डबी आणून त्यांनी मला बोलावलं. बैठक पाहुण्यांनी भरली होती. मी पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात, लाल लालमध्ये सगळ्यांदेखत लावली. त्या डबीला वेगळी वीज द्यावी लागते, हे तिथं मला एकट्यालाच ठाऊक होतं. तिची काळी वायर मी हळूच खिशात घातली. "काहून रे कॉलेजवाल्या, चित्र न्हाई येऊन राहिलं?" काकांनी विचारलं. "जुना टीव्ही हाय काका, तकलीफ देणारच." पाहुणे एकेक करत उठून दुसऱ्याच्या घरी गेले. काकूंनी मला चहा दिला. "लेकरानं लई तकलीफ घेतली," त्या म्हणाल्या, तेव्हा मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो. वायर परत द्यावी, असं दर सुट्टीत वाटतं. पण गावी गेलो की आधी ती खिडकी दिसते, आणि वायर माझ्याबरोबरच परत येते.