ताईच्या जिवंत विटा

माझी मोठी बहीण विटा पिकवायची. हो, पिकवायची! लाकडाचा भुसा साच्यात भरायचा, त्यात अळंबीचं विरजण कालवायचं आणि अंधारात ठेवून द्यायचं. आठवड्याभरात पांढरे तंतू भुशाला असे घट्ट धरत की झाली वीट तयार. हे विरजण तिनं पंधरा वर्षं बरण्यांत जगवलं. त्यापायी कुणाच्या लग्नालाही ती कधी मुक्कामी राहिली नाही. आम्ही तिला बुरशीबाई म्हणायचो.

माझी लेक घरांचे नकाशे काढते. एका मालकांच्या बंगल्याचं पहिलं मोठं काम मिळालं तशी आत्याच्या गळ्यात पडली. "जिवंत भिंतींचं घर करू या. चीर पडली की भिंत आपली आपण भरून काढेल. पण रोज पाणी फवारायला तूच हवीस, आत्या." नकाशात मागच्या अंगाला आत्याची खोली काढली. सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत काढलेली ताई, त्या चौकोनावर बोट फिरवत बसली. वर्षभर खपून तिनं नऊशे विटा पिकवल्या आणि आपली भाड्याची खोली सोडून सामान माझ्याकडे आणलं.

मग लेकीनं माझ्या बेकरीची भट्टी मागितली. "विटांतला नुसता ओलावा काढायचाय, बाबा. आत्याला सांगू नका, उगाच घाबरेल." माझ्या मनात पाल चुकचुकली. पण लेकीचं पहिलं काम! मी भट्टी पेटवून दिली.

घर उभं राहिलं. ताईची एक रीत होती: नव्या भिंतीवर नखानं ओरखडा काढायचा, पाणी शिंपडायचं आणि तिसऱ्या दिवशी तंतू आले का ते बघायचं. तिसरा दिवस गेला, आठवा गेला. ओरखडा कोरडा ठणठणीत.

"मालकांना रोजची कटकट नको होती," लेक फोनमधून मान वर न करता म्हणाली. "म्हणून विटा भाजून मारल्या. आता काही करावं लागत नाही."

"आणि माझी खोली?"

"तिथं वॉशिंग मशीन येतंय गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सख्ख्या आत्याला फसवलंस? लाज कशी वाटत नाही तुला?"

"वा, बाबा! भाजल्या कुणी?"

ताई माझ्याकडे वळली. "भट्टीत विरजण मरतं, हे तुला कुणी सांगायला हवं होतं का रे?"

नको होतं. रोज पाव भाजणारा माणूस मी. मला पक्कं ठाऊक होतं.

आता ती माझ्याकडेच राहते, जाणार कुठं? जेवायला हाक मारली की येते, जेवते, आपलं ताट घासून ठेवते. माझ्याशी बोलत नाही.