विमानातल्या गाडीवाले दाजी

चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी चुकलेलं आहे आणि ते दुरुस्त करण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असावा, आणि तो नात्यानं माझा साडू लागतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो, माझी मुलं दाजी म्हणतात आणि आता नांदेडात त्यांची गल्लीही दाजीच म्हणते. मूळचे बिलोलीकडचे. सगळी नोकरी हैदराबादला झाली, विमानांना जेवण पुरवणाऱ्या एका मोठ्या स्वयंपाकघरात. स्वयंपाकाशी त्यांचा संबंध नव्हता. विमानात खुर्च्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेतून हवाईसुंदरी जेवणाची जी अरुंद ट्रॉली ढकलत आणतात, ती दुरुस्त करायची आणि जमेल तशी सुधारायची, हे त्यांचं काम. दाजी तिला ट्रॉली म्हणत नाहीत. गाडी म्हणतात. गावाकडे यामुळे फार घोटाळा झाला. पोरगं विमानात आहे असं एकदा पसरल्यावर म्हातारे लोक त्यांना विमान बिलोलीवरून जरा खालून न्यायला सांगू लागले. दाजी समजावून सांगायचे, "मी इमानात न्हाई, इमानातल्या गाडीत हाय." विमानात पुन्हा गाडी कशाला, हे कुणाला कळेना, आणि लोकांनी त्यांना पायलट करून टाकलं ते टाकलंच.

निवृत्त होऊन ते नांदेडला आले आणि गल्लीतल्या चाकांचे दिवस फिरले. बाळाची बाबागाडी असो, गॅसच्या टाकीखालची चाकांची चौकट असो, नाही तर हातगाडी असो, दाजी आधी ती आडवी करतात, मग मालकाला नाव विचारतात. एक भाजीवाला रोज सकाळी येई. त्याच्या गाड्याचं एक चाक असं काही कुरकुरायचं की दाजींना चहा गोड लागेना. शेवटी त्यांनी त्याला थांबवलं, सगळी वांगी-भेंडी ओट्यावर उतरवून घेतली आणि चाक खोलून, घासून, तेल देऊन असं बसवलं की गाडा लोण्यासारखा चालू लागला. दाजी खूश. आठ-पंधरा दिवसांनी भाजीवाला तोंड पाडून दारात उभा. गाडा येतो कधी, जातो कधी, बायकांना कळेनासं झालं होतं. त्या कुरकुरीवरच त्याचं गिऱ्हाईक होतं. बिचारा आवाज परत बसवून मागत होता. दाजींनी खूप विचार केला. बिघडवणं त्यांच्या हातून होईना. मग त्यांनी दांड्याला सायकलची घंटी लावून दिली, आणि तीही गाडा चालू लागला की आपोआप वाजणारी.

त्यांच्याबरोबर मी एकदाच विमानात बसलो, एका भाचीच्या साखरपुड्यासाठी हैदराबादहून दिल्लीला. खिडकीची जागा त्यांनी मला देऊन टाकली. ढग, नद्या, डोंगर, काहीही दाखवा, दाजी मान वाकडी करून वाटेच्या टोकाकडे बघत बसलेले. गाडी आली. हवाईसुंदरी त्यांना काय घेणार म्हणून विचारते आहे आणि दाजी खाली वाकून तिची चाकं बघताहेत. मुलगी घाबरली. मी घाईघाईनं सगळा खुलासा केला, तेव्हा ती हसली आणि तिनं गाडी जरा त्यांच्या बाजूला वळवून धरली. या गाडीच्या दाराला एक कडी असते. पूर्वी तिचा कोपरा धारदार असायचा, घाईत मुलींची बोटं कापायची. तो कोपरा गोल करा म्हणून दाजी वर्षानुवर्षं वरच्या साहेबांच्या मागे लागले होते, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत कुणी त्यांना हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. दाजींनी त्या कडीवरून हळूच अंगठा फिरवला. "गोल केला की," एवढंच म्हणाले. त्यांच्या सांगण्यावरून केला की आपसूक झाला, आम्हाला काय ठाऊक. पण समोर आलेलं जेवण त्या दिवशी त्यांनी शेवटच्या घासापर्यंत संपवलं.

हे सगळं मी पूर्वी घरोघर हसून सांगायचो. आता सांगताना मधेच थांबावं लागतं, त्याला कारण माझी आई.

आई लातूरला आमच्याजवळ असायची. न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, डॉक्टर म्हणाले की आता वॉकर धरून चालायचं. आईनं त्या वॉकरला हात लावला नाही. ते दवाखान्याचं हाय, म्हणाली, आणि खाटेवर बसून राहिली. जन्मभर तिनं दुसऱ्यांना वाढलं होतं. सगळे उठल्याशिवाय तिचं ताट कधी मांडलं गेलं नव्हतं. आता तिचं ताट सगळ्यांच्या आधी खाटेवर जाई आणि अर्धी भाकरी तशीच परत येई. दिवसेंदिवस ती कमी बोलू लागली. बघायला येणारे जो तो तब्येतीचं विचारत. दाजी आले, त्यांनी तब्येतीचं काहीच विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग खाटेजवळ येऊन म्हणाले, "माय, उठता आलं तर पहिलं काय करावं वाटतं?"

आई म्हणाली, "वाढावं वाटतं."

दाजी चहा न घेता नांदेडला गेले. काही दिवसांनी एसटीनं आले ते एक अरुंद गाडी घेऊनच, कंडक्टरशी तिच्या तिकिटावरून भांडण करून. वर भाकरीची टोपली ठेवायला कठडा, मधे वरण-भाजीच्या पातेल्यांचे खण, अगदी खाली आमच्याच घरातला जुना दगडी पाटा त्यांनी घट्ट बसवला, गाडी कलू नये म्हणून. उंबऱ्यावर लाकडी उतार केला. आई गाडीकडे बघत राहिली आणि कुणी न सांगता उठली. दांडा धरून तिनं चार पावलं टाकली. थांबायचं झालं तेव्हा ब्रेकच्या पायपट्टीवर पाय द्यायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही, गाडी पुढे सरकली आणि आई तिच्यामागे झोकांडली. मी मधे पडलो म्हणून निभावलं. ती खाटेवर बसली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. मी म्हणालो, जाऊ द्या, वय झालंय तिचं, विसरते. ते मान हलवत म्हणाले, "चूक मायची न्हाई. इमानातल्या पोरींचे पाय धडधाकट असतात. मी तीच गाडी मायसाठी करून राहिलो. ब्रेक हातात पायजे. हात सुटला की गाडी थांबली पायजे."

पुन्हा नांदेड, पुन्हा एसटी. आता दांडा दाबून धरला तरच चाकं फिरत, सोडला की जागच्या जागी अडकत. आई मात्र तयार होईना. एकदा धसका घेतलेला. मग दाजींनी स्वतः दांडा धरला, डोळे मिटले, अंग पुढे टाकलं आणि अचानक हात सोडले. गाडी हलली नाही. तीन-चार वेळा ते असे आईसमोर मुद्दाम पडायला गेले. शेवटी आईला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आम्ही ते हसू बघत होतो. ती उठली.

त्या दुपारी तिनं आम्हाला वाढलं. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी. पहिली भाकरी अर्थातच दाजींना. दाजींचं लक्ष गाडीच्या मागच्या चाकाकडे होतं, ते किंचित फरफटत होतं. आई त्यांच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "जावईबापू, ताटात बघा."

त्यानंतर आई चार-पाच वर्षं होती. नातवंडांना तिनंच वाढलं, सणाला पुरणपोळी वाढली, कुणाला आग्रह करायचा आणि कुणाला नाही हे ती दांड्यावरच्या हातानं ठरवायची; आग्रह करायचा त्याच्यासमोर दांडा सोडायची, की गाडी तिथेच अडकायची. मागच्या हिवाळ्यात गेली, फारसं अंथरूण न धरता. तेराव्याचं आटोपल्यावर दाजींना सोडायला मी लातूरच्या स्टँडवर गेलो. आभार मानायचे होते. सुरुवात केली की ते चाकांच्या रबराचं काहीतरी काढत. बसमध्ये जाऊन बसले आणि खिडकीतून म्हणाले, "जन्मभर गाड्या केल्या, साडू. कोण वाढलं, कोण जेवलं, कधी दिसलं न्हाई. मायनं दाखवलं. लई उपकार झाले तिचे."

तेवढ्यात बस निघाली. माझं म्हणायचं तसंच राहिलं. फोनवर ते बोलता येत नाही, आणि समोर असले की ते माझ्या स्कूटरचं चाक दाबून बघत असतात. म्हणून इथे लिहितो. दाजी, माझ्या आईची शेवटची वर्षं खाटेवर गेली नाहीत. ती उभी होती आणि आम्हाला अजून एक घ्या म्हणत होती.